तीन गाठींची पिशवी

बाई, आज सातवा दिवस. उद्या सकाळी विहारात तुझं पुण्यानुमोदन आहे. मंडळी जमतील आणि कोणीतरी मला म्हणेल, बहिणीबद्दल दोन शब्द बोल. मी बोलणार नाही. चारचौघांत बोलता येतील असे दोन शब्द माझ्याकडे नाहीत. जे आहे ते तुलाच सांगायचं आहे, आणि तेही तेरा वर्षं उशिरा. म्हणून ओसरीवर तुझ्या बाजेवर बसून लिहितो आहे. दुपारचे दोन वाजलेत. समोरच्या बोरीखाली कोंबड्या चोची उघड्या टाकून पडल्यात. तू असतीस तर एव्हाना दोनदा हाक मारून मला आत घेतलं असतंस.

या वर्षीची पिशवी माझ्या मांडीवर आहे. माझ्या शाळेच्या जुन्या खाकी चड्ड्या उसवून शिवलेली. आत तीन गाठोडी. पहिल्याला एक गाठ, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. तुला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि मला येत असलं तरी माझ्या अकलेवर तुझा भरवसा नव्हता, म्हणून या गाठी.

नोकरीची नऊ वर्षं झाली, त्यातली सहा थंड मुलखात गेली. फौजेत ड्रायव्हर म्हणून आधी सिक्कीम, मग लेह, मग पुन्हा लेह. त्या प्रत्येक वर्षी माझी मे महिन्याची सुट्टी मंजूर झाली की नाही हे मला कळायच्या आधी तुझं पार्सल निघालेलं असायचं. एका गाठीचं गाठोडं बर्फ दिसेनासा झाला की सोडायचं. जाड कोट आणि लोकरी मोजे उतरवायचे, आतला बिनबाह्यांचा स्वेटर आणि साधे मोजे चढवायचे. दोन गाठींचं दिल्ली सुटली की. तिथं अंगालगतची लोकरी बनियान काढायची आणि सुती सदरा घालायचा. तीन गाठींचं इटारसीला. त्यात धुऊन धुऊन मऊ झालेला पायजमा, बंडी, पांढरा दुपट्टा, मीठ-साखरेची पुडी, वाळवलेल्या कैरीच्या फोडी आणि एक कांदा. दुपट्टा कानावरून बांधायचा आणि कांदा खिशात ठेवायचा, म्हणजे उन्हाची झळ, लू, लागत नाही. तू कांदा एप्रिलात टाकायचीस. माझ्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्याला हातभर कोंब आलेले असायचे.

तू स्वतः नागपूरच्या पुढं कधी गेली नाहीस. तरी इटारसी कुठं येतं, तिथं गाडी किती वेळ थांबते, पाण्याचा नळ कोणत्या बाजूला आहे, हे तुला ठाऊक होतं. इथल्या गोरेगावच्या बाजारात, नवेगावच्या बस थांब्यावर, लग्नाच्या मांडवात, जिथं कुठं सुट्टीवर आलेला फौजी दिसेल तिथं तू त्याला धरायचीस आणि विचारायचीस की बाबा, कुठल्या टेशनावर घाम येऊन राहिला तुले. लोक हसायचे. मलाही लाज वाटायची. युनिटमध्ये पार्सल आलं की आमचा एक गढवाली हवालदार ओरडायचा, “ले भाई, तेरा दहेज आ गया.” पोरं विचारायची, ही बाई कोण? मी सांगायचो, आमच्याकडं थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. मग पोरं हसायची थांबायची आणि कैरीच्या फोडी मागून खायची.

मी मात्र तुझं सगळं कधीच ऐकलं नाही. दोन गाठींचं गाठोडं दिल्लीऐवजी भोपाळला सोडायचो. कांदा तर इटारसीच्या रुळांवरच टाकायचो. घरी आल्यावर तू आधी माझा खिसा चाचपायचीस, कांदा नाही म्हटल्यावर जेवताना माझ्या पानात दोन कांदे जास्त वाढायचीस.

आपलं खरं भांडण झालं ते मी पहिल्यांदा विमानानं आलो तेव्हा. मी फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगितलं की आता लेहहून दिल्ली एका तासात येते, तुझ्या गाठी आता ठेव गुंडाळून.  तू म्हणालीस, “माणूस लवकर येते बाबू, अंग मागून येते. अंगाले येऊ दे.” मग हुकूम सोडलास की गोंदियाला उतरल्यावर दुपारच्या बसनं निघायचं नाही. स्टेशनवर पंख्याखाली बसायचं, पाणी प्यायचं, आणि पाचच्या बसनं उन्हं उतरल्यावर घरी यायचं. महिनाभराच्या सुट्टीतली एक अख्खी दुपार फलाटावर घालवायची म्हणजे काय, बाई? मी एकच्या बसमध्ये चढलो. कोहमाऱ्याला बस पंक्चर झाली आणि तासभर रस्त्यावर उभा राहिलो, ते तुला मी सांगितलंच नव्हतं. फाट्यावरून घरापर्यंतचं अंतर चालत आलो तेव्हा तू तेंदूपानांचे पुडे बांधत इथंच बसली होतीस. मला बघून तुझ्या चेहऱ्यावर आनंद आला नाही, भीती आली. तू उठून माझ्या डोक्यावर घागरभर पाणी ओतलंस, जीन्ससकट, सगळ्या मोहल्ल्यासमोर.

मी चिडलो. आणि जे बोलायला नको होतं ते बोललो. म्हणालो, “मी भाऊजी नाही.”

तुझ्या हातातली घागर तशीच राहिली.  दोन दिवस जेवायला वाढलंस आणि लांब जाऊन बसलीस. मी झोपलो असं वाटून माझे तळपाय ओल्या फडक्यानं पुसत होतीस, तेव्हा मी जागा होतो. माफी मागायला एक शब्द पुरला असता. पण माफी मागायला तोंड उघडलं असतं तर त्यामागून दुसरंही काही बाहेर आलं असतं, आणि त्याची मला तेव्हा दहा वर्षांपासून धास्ती होती.

ते दुसरं आता सांगतो. तुला ठाऊक होतं हे मला सहा दिवसांपूर्वी कळलं आहे, तरी माझ्या तोंडून तू ते ऐकलेलं नाहीस.

दोन हजार सालचा एप्रिल. तुझ्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. लग्न होऊन भाऊजी महिनाभर राहिले आणि लेहला गेले, तेव्हापासून ही त्यांची पहिली सुट्टी. आपल्या मोहल्ल्याचा फौजेतला पहिला जावई. तू माहेरी आली होतीस. याच ओसरीवर सुपात तांदूळ निवडत तू सांगत होतीस आणि मी दहावीचा पेपर सोडवल्याच्या ऐटीत भाऊजींना इनलँडवर पत्र लिहीत होतो. बाबांची तब्येत, गाय व्याली, तलावाचं पाणी खाली गेलं, अमकीचं लग्न जमलं. मग तू सूप खाली ठेवलंस, जरा लाजलीस, आणि शेवटच्या दोन ओळी सांगितल्यास. त्या दोन ओळी मी लिहिल्या नाहीत. मी माझ्या मनानं लिहिलं, ‘वर्दीतच या. सगळ्या गावाला बघायचं आहे.’

कागदावर जागा थोडीच उरली होती, असं मी पुढं स्वतःला पुष्कळदा सांगितलं. ते खोटं आहे. माझ्या वर्गातला एक जण म्हणाला होता की तुझा भाऊजी कसला फौजी, तिथं भांडी घासत असेल. मला भाऊजी रस्त्यावरून वर्दीत चालत यायला हवे होते, त्याच्या घरावरून. एवढंच होतं. तुझ्या नवऱ्याला मी माझ्या भांडणात ओढलं.

आणि ते आले, बाई. तुझा शब्द म्हणून आले. तिकडं अजून हिवाळी वर्दी होती. लोकरी शर्ट, त्यावर जर्सी, जाड मोजे, बूट. गाडीत काढून ठेवलं होतं म्हणे, पण गोंदिया यायच्या आधी पुन्हा सगळं चढवलं. बसमध्ये उभं राहून आले. फाट्यावरून भर दुपारी चालत आले, आणि घरी यायच्या आधी मोहल्ल्यातल्या प्रत्येक दारात उभं राहून जयभीम घातला. मी त्यांची पेटी डोक्यावर घेऊन मागे मागे होतो. त्या पोराच्या घरासमोर मी मुद्दाम त्यांना थांबवून पाणी मागितलं. लालबुंद चेहऱ्यानं ते हसत होते. घाम येत नव्हता. मला वाटलं, फौजी माणूस, याला काय होतंय.

अंगणात आले तेव्हा तू दारातच थबकलीस. ते म्हणाले, “तूच लिहिलं ना वर्दीतच ये म्हणून? आलो पाहा.” तू त्यांच्याकडं पाहिलंस, आणि मग माझ्याकडं. मी पेटी उतरवायच्या निमित्तानं मान खाली घातली. संध्याकाळी ताप चढला. रात्रभर ते बर्फाबद्दल काहीबाही बोलत राहिले. पन्हं पाजलं, कांद्याचा रस चोळला, ओल्या चादरी घातल्या. दवाखान्यात नेताना जीपमध्ये तुझ्या मांडीवर गेले. तू एकवीस वर्षांची होतीस.

त्यानंतर तू सासरी गेली नाहीस. दुसरं लग्नही केलं नाहीस. धानाची रोवणी केलीस, जंगलात पानं तोडलीस, बाबांचं शेवटपर्यंत केलंस, मला शिकवलंस. मी भरतीला गेलो तेव्हा तीन दिवस जेवली नाहीस, आणि चौथ्या दिवशी खाकी चड्ड्या उसवायला बसलीस. तेव्हापासून प्रत्येक पार्सल उघडताना मी स्वतःला विचारायचो. हिला माहीत आहे का? अंगणात माझ्याकडं पाहिलं ते कशासाठी? कधी वाटायचं, माहीत असतं तर ही माझ्यासाठी कांदे कशाला बांधेल? कधी वाटायचं, माहीत आहे म्हणूनच बांधते, आणि प्रत्येक गाठ मला आठवण द्यायला घालते. सुट्टीवर यायचो तेव्हा ठरवून यायचो की या खेपेला विचारायचं. तू भात वाढायचीस आणि मी जेवून उठायचो.

तुझ्या पोटात गाठ आहे हेही तू मला सांगितलं नाहीस. फोनवर म्हणायचीस, पित्त झालं. मागल्या आठवड्यात शेजारच्या वंदनावहिनीचा फोन आला. एवढंच म्हणाल्या, जसे असाल तसे या. या वर्षी पार्सल आलं नव्हतं आणि मी ते महिनाभर मुकाट्यानं बघत होतो, फोन करून विचारायची हिंमत झाली नाही. मी जसा होतो तसा निघालो. सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय होती. दुपारी दिल्ली, संध्याकाळची गाडी. जनरल डब्यात दाराजवळ बसलो. दर स्टेशनवर फोन लावायचो, वहिनी उचलायच्या नाहीत. मनात एकच हिशेब, आता ती आहे, आता ती आहे का. इटारसी कधी गेलं कळलंही नाही. नागपूरला शेजारच्या म्हाताऱ्यानं माझ्या खांद्याला हात लावला आणि म्हणाला, बेटा, इतनी गरमी में ये ऊनी कपड़ा काहे पहने हो? मी खाली पाहिलं. लोकरी शर्ट, जर्सी, जाड मोजे, बूट. बाई, मी अगदी भाऊजींसारखाच येत होतो.

मग गोंदियापर्यंत मी भीतच आलो. मरणाला नाही. तुझा जीव अजून असेल आणि तू मला दारात या कपड्यांत पाहशील, याला.

गोंदियाला वंदनावहिनी फलाटावर पंख्याखाली बसल्या होत्या, मांडीवर ही पिशवी घेऊन. मी धावत जाऊन विचारलं, बाई कशी आहे? त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “पहिले कपडे बदला. मंग सांगन.” मी ओरडलो. लोक बघायला लागले. त्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, बाईनं शपथ घातली आहे. शेवटी मी वेटिंग रूममध्ये गेलो. तीन गाठी हातानं सुटेनात, दातांनी सोडल्या. पायजमा, बंडी, दुपट्टा. कांद्याला या वेळी कोंब नव्हता, ताजा होता. बाहेर आलो, तर त्यांनी माझं कपाळ चाचपलं, घोटभर पाणी पाजलं, आणि मग सांगितलं की माती सकाळीच झाली. उन्हाचं ठेवता येत नव्हतं.

“मले म्हणे, कपडे बदलल्याबिगर सांगू नको त्याले,” वहिनी म्हणाल्या. “आयकून तो तसाच उन्हात धावत सुटन.”

आपल्या मरणाची बातमी मला कोणत्या कपड्यांत कळावी, हेही तू ठरवून ठेवलं होतंस. पाचच्या बसपर्यंत बसवून ठेवायचं, हेही. या खेपेला मी बसलो. फलाटावर चार तास, खिशात कांदा घेऊन. माझ्या रडण्याला बहुतेक वहिनी घाबरल्या असाव्यात, कारण त्या मधेच म्हणाल्या की अजून एक गोष्ट आहे, बाईनं आपल्या मागं सांगायला सांगितली होती.

भाऊजी गेल्यावर तीन महिन्यांनी त्यांचं उरलेलं सामान युनिटमधून आलं. त्यात ते इनलँड होतं. वंदनावहिनी तेव्हा नुकत्याच लग्न होऊन आल्या होत्या, सातवी शिकलेल्या. तू ते त्यांच्याकडून वाचून घेतलंस. गाय, तलाव, लग्न, आणि मग शेवटच्या ओळी. तू म्हणालीस, पुन्हा वाच. त्यांनी पुन्हा वाचलं. तू कागद हातात घेतलास आणि त्या ओळींवरून बोट फिरवलंस.

मी विचारलं, काय म्हणाली? वहिनी माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “काई नाई. म्हणे, बाबूचं अक्षर चांगलं हाय.”

मग त्यांनी पुढचं सांगितलं. तू म्हणाली होतीस की मी जिवंत असेपर्यंत त्याला सांगू नको, माझ्या तोंडाकडं बघवणार नाही त्याला. पण मी गेल्यावर सांग, नाहीतर जन्मभर भीत राहील.

म्हणजे सगळी वर्षं, बाई. फी भरतानाही, खाकी कापड उसवतानाही. मी “मी भाऊजी नाही” म्हणालो तेव्हाही, हातात घागर घेऊन, तुला माहीत होतं. तू ती घागर माझ्या डोक्यात का घातली नाहीस? मला राग आला आहे तुझा. एकदा तोंडानं बोलली असतीस तर मी तुझ्या पायावर पडलो असतो, आपण दोघं रडलो असतो, आणि त्यानंतरची वर्षं मी तुझ्यासमोर मान वर करून जेवलो असतो. तू मला वाचवलंस की शिक्षा दिलीस हे मला सहा दिवसांत ठरवता आलेलं नाही. पण माझ्या अंगावर या घडीला तुझी बंडी आहे आणि बाहेर जिवाची काहिली करणारं ऊन असून मी धड आहे, एवढं खरं आहे.

पुढच्या आठवड्यात परत जायचं आहे. जातानाचं तू कधी काही बांधून दिलं नाहीस. थंडीनं माणूस मरतो यावर तुझा विश्वासच नव्हता. सामान मीच भरेन. जाडं वर, पातळं खाली, आणि येताना उलटं. पुढच्या मे महिन्यात कुणीही विचारणार नाही की घाम कुठं सुटला. तरी इटारसीला मी उतरेन, कपडे बदलेन, आणि गोंदियाला पाचपर्यंत बसेन. अंगाले मागून येऊ देईन.

उद्या विहारात बोलणार नाही म्हटलं. पण एक काम राहिलं होतं, ते आज केलं. ते इनलँड वहिनींनी मला दिलं. घड्यांवर फाटलंय, पण अक्षर खरंच चांगलं आहे. त्यातली माझी ओळ मी खोडली. तिच्याखाली, जागा पुरते आहे बाई, भरपूर पुरते आहे, तू सूप खाली ठेवून सांगितलेल्या दोन ओळी जशाच्या तशा लिहिल्या:

‘इकडं ऊन लय हाय, पातळ सुती कपडे घालून येजा. वर्दी पेटीत आणजा, घरी आल्यावर मले एकटीले घालून दाखवजा.’